उभ्याचा आजार

७ मार्च १९७४
प्रार्थनेला पुन्हा पडले. मुली धावल्या. मुख्याध्यापिकाबाई धावल्या नाहीत. पातळाची घडी मोडते. म्हणाल्या, "उभ्यानं शिकवणं जमत नसेल तर राजीनाम्याचं बघा." आमच्या शाळेत मास्तरणीनं बसणं म्हणजे चारित्र्यदोष. वर्गातल्या खुर्च्याच उचलल्यात.

११ मार्च
धंतोलीचे मोठे डॉक्टर. झोपवून तपासलं. छाती ठीक, नाडी ठीक. "मन कशात तरी गुंतवा." सातवीच्या तुकड्या, सासू आणि एक नवरा, आणखी कुठे गुंतवू? वर मीठ बंद. हृदयासाठी म्हणे. सासूबाई खूश: "सोमवार अळणीच करत जाय आता. देवालेही चालते."

२५ मार्च
मीठ सोडल्यापासून जास्तच. उठलं की धडधड, डोळ्यांपुढे काळं, मग भिंत. सासूबाई: "काहून वं, उभी राहिली का पडते, झोपली का बरी! असा आजार मलेही पाहिजे होता."

८ एप्रिल
बर्डीवर नवा डॉक्टर. तरुण, म्हणून अजून ऐकून घेतो. पण शेवटी तेच, "नर्व्हस आहात." मी पर्स उचलून दाराशी. तेव्हा त्याला आठवलं, बोलण्याच्या नादात नाडी मोजायचीच राहिली. तिथेच मनगट धरलं. घड्याळ हलवलं. कानाला लावलं. मग माझ्याकडे बघितलं.
झोपवून मोजली, उभं करून मोजली. आडवी असले की शहाणी, उभी राहिले की दीडशेच्या घरात.
"याला म्हणतात काय?"
"काही म्हणत नाहीत."
पहिला प्रामाणिक डॉक्टर. मीठ वाढवा, पाणी भरपूर, पायांना घट्ट पट्ट्या, फार वेळ उभं राहायचं नाही. बरं होईल का? "सांगता येत नाही. सांभाळावं लागेल."

९ एप्रिल
ताकात मीठ घालत होते, सासूबाईंनी बरणी ओढली. "मोठ्या डॉक्टरनं मना केलं ना! हा पोट्टा काय सांगून राहिला तुले?" मी परत ओढली. एवढी ओढाताण इस्टेटीवरूनही झाली नव्हती. नवरा पेपरात तोंड घालून.

१५ एप्रिल
डॉक्टरची चिठ्ठी मुख्याध्यापिकाबाईंना दिली. उलटसुलट बघितली. "आजाराचं नाव कुठाय?"
नाव नाही.
"मग आजारही नाही."
कावीळ असती तर मोसंबी पाठवली असती बाईंनी.

१८ एप्रिल
सकाळची शाळा, तरी ऊन. पट्ट्यांत पाय शिजले. पण मीठ लागू पडतंय; दोन तास उभ्यानं काढले. तिसऱ्याला डोळ्यांपुढे काळं. पहिल्या बाकावरच्या दोघींना मागे धाडलं आणि बसले. वैनगंगेचा धडा चालू ठेवला.
दारात मुख्याध्यापिकाबाई. त्या आल्या की वर्ग उठतो, मास्तरीण सर्वांत आधी. मुली उठल्या. मी नाही.
"मॅडम, उठा."
"वैनगंगा कुठे उगम पावते?" मी मुलींना विचारलं. सगळ्या माझ्या मांडीकडे बघत होत्या.

मधल्या सुट्टीत हे लिहितेय. शाळा सुटल्यावर ऑफिसात बोलावलंय. नोकरी गेली तर दिवसभर घरी आडवी, म्हणजे सगळ्यांच्या मते ठणठणीत. ते नको.
जाणार. आधी बसेन, मग ऐकेन.