केमोच्या खुर्चीत बिनआजारी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच साष्टांग, प्रत्यक्षात कंबर निम्म्या वाटेवर थांबते.) इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असेलच, असं लिहायची रीत आहे, पण तुझी तिसरी केमो होऊन नऊच दिवस झालेत, त्यामुळे पेन धजत नाही. नेमकंच विचारतो. तोंडातले फोड बसले का? पाणी तरी गिळवतं का? आणि काकांनी तुला बरं वाटावं म्हणून स्वतः स्वयंपाक करणं थांबवलं का?

गेल्या महिन्यात तू फोनवर एक साधा प्रश्न विचारलास. म्हणालीस, "सगळ्याला गंजलेल्या खिळ्याची चव येते रे. तू यातलाच ना? काय करू?" त्यावर मी पाऊण तास बोललो. पेशी कशा वाढतात, औषध त्यांना कुठे गाठतं, आतड्यातले जंतू त्या औषधाचं पुढे काय करतात, सगळं सांगितलं. मध्येच पाण्याचा आवाज यायला लागला. नंतर काका म्हणाले की तू फोन टेबलावर ठेवून कुंड्यांना पाणी घालून आलीस आणि परत येऊन "हं" म्हणालीस. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला कोणाचं बोलणं ऐकायचं आणि कोणाचं नुसतं जोडून ठेवायचं हे बरोबर कळतं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की खिळ्याबद्दल मी एक अक्षरही बोललो नव्हतो. कारण मला ठाऊकच नव्हतं.

माझं काम तुला कधी धड सांगितलेलं नाही. अकरा वर्षं मी जंतूंना छळतो. (कागदोपत्री याला ‘ताण-सहनशीलतेचा अभ्यास’ म्हणतात.) आतड्यात राहणारे साधे, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे जंतू घ्यायचे, त्यांना केमोचं औषध किंचित चाखवायचं, आणि मग उष्णता, मीठ, आम्ल असा मारा करायचा. आधी थोडं सोसलेले जंतू पुढचा मारा जास्त सोसतात का, ते मोजायचं. बरेचसे मरतात. काही मात्र कसलाही पराक्रम न करता, खाणं-वाढणं बंद करून गप्प पडून राहतात आणि संकट टळलं की उठतात. (आमच्या विभागात असे दोघे आहेत, एक मी.) यावर माझे सहा शोधनिबंध आहेत. प्रत्येकाची पहिली ओळ ‘रुग्णांचे हाल कमी व्हावेत या हेतूने’ अशी आहे. ती मी पहिल्या निबंधातून उचलून पुढच्या पाचांत डकवली. एवढ्या वर्षांत एकही रुग्ण मी समोरून पाहिला नव्हता.

तुझ्या फोननंतर याची लाज वाटली. संमतीपत्रांवर रुग्णांच्या सह्या आणि नमुने आणायला नेहमी आमची तंत्रज्ञ जाते. या वेळी मी जातो म्हणून प्रमुख बाईंना सांगितलं. (नमुने कशाचे, ते आतड्यातले जंतू म्हटल्यावर तुझ्या लक्षात आलंच असेल.) बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जा. पण फार बोलू नका."

वॉर्ड म्हणजे एक लांबट खोली. खिडकीकडे तोंड करून नऊ आरामखुर्च्या, आठ भरलेल्या, प्रत्येकीपाशी सलाईनचा स्टँड. माणसांना दडपण येऊ नये म्हणून मी पांढरा कोट मुद्दाम घातला नव्हता. पहिल्याच खुर्चीत एका प्रौढ बाईंच्या हातात सिस्टर सुई लावत होत्या. बाईंनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. मी मिटले. त्यानंतर फरशी गार लागली, एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी नवव्या खुर्चीत होतो. पाय वर, कपाळावर ओला टॉवेल. मला उचलायला सिस्टरबरोबर दोन पेशंट आपापले स्टँड ढकलत आले होते, हे नंतर कळलं. सिस्टर दुसऱ्या कोणाच्या तरी हाकेला धावल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत लोकरीची टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. गळ्यात कापड मोजायची टेप. दुकानातून थेट आलेले टेलर. त्यांनी आपुलकीने विचारलं, "कितवी?"

मी इथे काय करतो ते सांगायला हवं होतं. पण सगळी खोली इतक्या काळजीने बघत होती की मी म्हणालो, "पहिली."

मग काय विचारतेस. टेलरकाका म्हणाले, "घाबरू नका असं सगळे सांगतील. तुम्ही खुशाल घाबरा. मी चौथीपर्यंत घाबरलो, मग कंटाळा आला." स्टीलचा चमचा बंद करा, लाकडी घ्या, खिळ्याची चव पुष्कळ कमी होते, हे त्यांनी सांगितलं. (खिळा हाच शब्द, मावशी. मी उठूनच बसलो.) जेवण निववून खा, म्हणजे वास अंगावर येत नाही. सलाईन चालू असताना काहीजण बर्फाचे खडे चघळतात, फोड कमी येतात, पण ते सगळ्या औषधांना चालत नाही, डॉक्टरांना विचारूनच. सुईवाल्या बाई म्हणाल्या, "या दिवसांत आवडीचं काही खायचं नाही. कायमचं मनातून उतरतं. मी कलिंगड घालवून बसले." मी भराभर संमतीपत्रांच्या पाठीमागे लिहून घेत होतो. अकरा वर्षांत इतके निष्कर्ष इतक्या वेगाने हाती लागले नव्हते.

तेवढ्यात सिस्टर परतल्या, त्यांनी माझा डब्यांचा खोका उघडून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, हे पेशंट नाहीत. शौचाचे नमुने न्यायला आलेत."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. टेलरकाका माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?"

"नाही."

"मग बरं झालं," ते म्हणाले. टोमणा नव्हता गं तो. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. मग सुईवाल्या बाई हसायला लागल्या, आणि तिथून हसू खुर्ची-खुर्चीने शेवटपर्यंत गेलं. आठही जणांनी सह्या दिल्या. आमच्या प्रमुख बाईंनी ते कागद दोन्ही बाजूंनी वाचले, आणि पुढच्या अभ्यासात रुग्णांना आधी प्रश्न विचारायचे असं ठरवून टाकलं. प्रश्न लिहायचं काम माझ्याकडे आहे. तुझे असतील तर कळव.

काकांना नमस्कार. प्रकृतीस जप, हे सांगण्याची माझी पात्रता वर आलीच आहे.

तुझा,
भाचा

ता. क. चमच्याचं आजच कर. बर्फाचं डॉक्टरांना विचारून.

ता. क. २. आता खरं लिहितो. तुझ्या पहिल्या केमोच्या दिवशी मी आलो होतो. दवाखान्याच्या फाटकापाशी तासभर उभा राहिलो आणि परत गेलो. काकांना मीटिंग सांगितली. दुसऱ्या वेळी लिफ्टपर्यंत पोचलो. तिसऱ्या वेळी निघालोच नाही. जंतूंना सोसताना बघणं सोपं असतं, त्यांच्यातलं कोणी आपल्याला लहानपणी न्हाऊ घातलेलं नसतं. येत्या गुरुवारी तुझी चौथी आहे. मी रजा टाकली आहे. मला शेजारी बसू देशील का? सुई लावताना मी खिडकीबाहेर बघेन. पडलोच तर सिस्टरना सांग, हा आमचाच आहे.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही, कारण हे टपालाने येत नाहीये. या शेवटच्या ओळी तुझ्या दाराबाहेर जिन्यात बसून लिहितोय, आणि आता दाराखालून सरकवणार आहे. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा विचारून गेल्या, कोण हवंय म्हणून. मी ‘मावशी’ म्हणालो. सावकाश वाच, मी कुठे जात नाही.