छर्ऱ्यांची क्वालिटी माझ्याकडे

१० नोव्हेंबर, रविवार

आजपासून श्रुतीच्या छर्ऱ्यांचं काम माझ्याकडे. घरात हे अजून कोणी मान्य केलेलं नाही, पण मी ठरवलं आहे.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे श्रेयावरून वाद नको. माझी मुलगी श्रुती एअर रायफल शूटिंग करते. पंधरा डिसेंबरला स्टेट टीमची ट्रायल आहे. मागच्या वर्षी थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षी इंटर सेकंड इयर, म्हणजे हैदराबादेतली बारावी, तेव्हा रायफल कपाटात, असं मीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे हा शेवटचा चान्स. आणि ही मुलगी संध्याकाळभर काय करते? आबिड्सहून आणलेला छर्ऱ्यांचा डबा उघडते. शिशाचे मिरीएवढे दाणे. एकेक चिमट्याने उचलते, भिंगाखाली धरून मागची पातळ कड वाकलेली आहे का ते बघते, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलते आणि फोमच्या ट्रेमध्ये ठेवते. एका संध्याकाळी एक ट्रे. एवढ्या वेळात ऑफिसातली माझी टीम अख्खं सॉफ्टवेअर रिलीज काढते.

तिला विचारलं, कंटाळा येत नाही का. म्हणाली, उलट डोकं शांत होतं. सोळाव्या वर्षी डोकं शांत करून करायचंय काय?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात दिवसभर मीटिंग. कंटाळून व्हाइटबोर्डवर छर्ऱ्यांचा फ्लोचार्ट काढला. टीमला वाटलं क्लायंटचं काहीतरी आहे, सगळ्यांनी फोटो काढून घेतले. ही माझी टीम.

निष्कर्ष: श्रुती एकाच छर्ऱ्याच्या सगळ्या तपासण्या करून मग दुसरा उचलते. शुद्ध अडाणीपणा. आधी सगळे चाळायचे, मग सगळे पाखडायचे, मग उरलेले तोलायचे. आपल्याकडे धान्य असंच निवडतात. शूटिंगवाल्यांना हे सुचलं नाही, कारण शूटिंगवाले स्वयंपाकघरात जात नाहीत.

(मीही जात नाही. पण मला सुचलं.)

१६ नोव्हेंबर, शनिवार

अफझलगंजला जाऊन चाळणी आणि सूप आणलं. दुकानदाराने विचारलं, क्या छानना है साब. शिसं, म्हणालो. त्याने पिशवी लांबूनच दिली.

बायको शोभा म्हणाली शिसं विषारी असतं, हे काम बाल्कनीत, आणि यातलं काही स्वयंपाकघरात आलं तर मीही बाल्कनीत राहायला जायचं. या घरात इनोव्हेशनला जागा नाही. बाल्कनी आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली बॅच. अख्खा डबा दहा मिनिटांत!

चाळणीतून सगळेच छर्रे खाली पडले. याचा अर्थ माल मुळात चांगला. मग पाखडले. पाखडणं वाटतं तितकं सोपं नाही, त्यात मनगटाचं काम फार आहे. बरेच छर्रे कठड्यावरून खाली गेले. ते रिजेक्ट धरले. हलके असल्याशिवाय गेले नसते.

तासाभराने खालचे एकनाथराव मूठभर छर्रे घेऊन वर आले. हे बरकतपुऱ्यात जन्मले, इथेच रिटायर झाले, आणि गेली कित्येक वर्षं दुपारी खाली खुर्ची टाकून बसतात. म्हणाले, देशपांडेसाहेब, या गल्लीत आजवर लई काय काय बघितलं, पण वरून शिसं पडताना आजच बघितलं. मी त्यांना थ्रूपुट म्हणजे काय ते समजावलं. ऐकून घेतलं त्यांनी आणि उद्यापासून खुर्ची पलीकडच्या बाजूला टाकतो म्हणाले. पुण्यात असा माणूस किमान वाद तरी घालतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पाखडलेले छर्रे आज श्रुतीने प्रॅक्टिसला वापरले. टार्गेटवर सगळीकडे भोकं. मधलं वर्तुळ सोडून.

श्रुती म्हणते पाखडताना आपटून कडा वाकल्या. कोच अप्पाराव सरांनी एक छर्रा हातात घेतला, उजेडात धरला आणि परत डब्यात ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब, बच्ची का हाथ अच्छा है. आप बीच में नक्को आओ."

हा मनुष्य अर्धं आयुष्य शूटिंग शिकवतोय आणि त्याच्याकडे एक एक्सेल शीट नाही. मुलांना सांगतो काय, तर श्वास सोडा, घाई करू नका, सकाळी इडली कमी खा. याला कोचिंग म्हणतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

शांतपणे विचार केला. स्पीड बरोबर होता. क्वालिटीने साथ दिली नाही. तेव्हा आता क्वालिटी.

नवा डिजिटल काटा मागवला. श्रुतीचा काटा जुना आहे, आणि ती आकडा एकदाच बघते. मी प्रत्येक छर्रा तीनदा तोलणार. चाळणी आणि सूप एकनाथरावांच्या घरी देऊ केलं. त्यांनी नको म्हटलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

एकच छर्रा तीनदा तोलला की तीन वजनं येतात. पंखा बंद केला, तरी येतात. श्वास रोखून धरला, तेव्हा दोनच आली, पण मग डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हणून आता तिन्हींची सरासरी. एक्सेलमध्ये.

शोभाने विचारलं, दिवसभरात किती झाले. असल्या प्रश्नांना मी ऑफिसातही उत्तर देत नाही.

महत्त्वाचं: श्रुतीची परीक्षा सोमवारपासून. प्रॅक्टिसही बंद. ट्रायलचा नवा डबा तिने आज स्वतः माझ्या हातात दिला. म्हणाली, बाबा, तोललं नाही तरी चालेल, फक्त कडा बघ. वाकलेले काढून टाक. एवढंच कर, मला आता खरंच वेळ नाही. मी म्हटलं, तू फक्त फिजिक्स बघ. फॅमिली ग्रुपवर टाकलं: 'श्रुतीच्या ट्रायलचं क्वालिटी कंट्रोल आता उदयकडे.' पुण्याहून नऊ अंगठे आले. ग्रुप सोडताही येत नाही म्हणून लोक अंगठा देतात, हे मला माहीत आहे, तरी बरं वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार

या वेगाने ट्रायलचे छर्रे उगादीला, म्हणजे गुढीपाडव्याला तयार होतील.

दोष माझा नाही. ऑफिसात परवा प्रॉडक्शन इश्यू, काल त्याचं पोस्टमॉर्टेम, आज पोस्टमॉर्टेममध्ये मीच कसा जबाबदार यावर चर्चा. त्यात भिंग हरवलं. श्रुतीचं होतं. तिला अजून सांगितलेलं नाही, परीक्षेत टेन्शन नको.

८ डिसेंबर, रविवार

सुटलं! एका दमात स्पीडही आणि क्वालिटीही.

एक गोरा व्हिडिओत छर्रे साबणाने धुऊन तेलात घोळवतो. मला बघता क्षणी तत्त्व कळलं: तेलाचा थर सगळे लहानसहान फरक बुजवतो. मग निवडायचं कशाला? तो कसलंतरी डबीतलं खास तेल वापरतो. तिकडे लोकांना विकत घेतल्याशिवाय काही सुचत नाही. शोभा म्हणाली, घालायचंच असेल तर शिलाई मशीनचं घाल, आणि आधी त्या सरांना विचार. बायकांना तेलातलं काय कळतं? खोबरेल शुद्ध, पातळ, नैसर्गिक. आमच्या घराण्यात तीन पिढ्या केस गळले, पण तेल बदललं नाही.

बाटलीत तेल गोठून दगड झालं होतं, सध्या सकाळी थंडी असते. गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली, पाच मिनिटांत पाण्यासारखं. सगळे छर्रे त्यात घोळवून डब्यात भरले. एकदम चकाकायला लागले. कडा बघायच्या राहिल्या, पण इतकी चकाकणारी वस्तू वाकडी असू शकत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

वर्क फ्रॉम होम. श्रुती पेपरला. तिची रायफल घेऊन भर दुपारी गच्चीवर टेस्टिंग केलं. डबा उन्हात, मी सावलीत. पाचपैकी चार छर्रे एकाच जागी लागले. पाचवा पाण्याच्या टाकीला लागला, तो माझा नेम चुकला.

टेस्टिंग पास. साइन ऑफ. अप्पाराव सरांना फोन करून सांगावंसं वाटलं, पण त्यांना पचणार नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

परीक्षा संपली. श्रुतीने विचारलं कडा बघितल्यास ना. मी म्हटलं, सगळं प्रोसेसप्रमाणे झालंय. खोटं नाही. प्रोसेसमध्ये कडा नव्हत्या. डब्याचा वास घेऊन तिने विचारलं की हा वास कसला. प्रोसेसच्या आतल्या गोष्टी क्लायंटला सांगायच्या नसतात, म्हणून मी तो फिनिशचा आहे म्हणालो. संध्याकाळी रेंजवर जाऊन थोडे मारून बघते म्हणाली, तर मी नाही म्हटलं. ट्रायलची बॅच फोडायची नसते. तिचे स्वतः निवडलेले जुने छर्रे गेल्या महिन्यात प्रॅक्टिसमध्ये संपले.

तिने डब्याचं झाकण लावलं. मग गळ्यात हात टाकून म्हणाली, थँक्स बाबा, मला एक काम कमी झालं.

शोभाला म्हटलं, ऐकलंस?

१५ डिसेंबर, रविवार

डबा सकाळी मी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला होता. हॉलच्या दारापर्यंत. तिथे श्रुतीच्या हातात दिला.

हॉलमध्ये एसी. इतका, की बाहेरच्या काचेवर पाणी धरलं होतं. डिसेंबरात एसी लावणाऱ्यांना कोण काय सांगणार.

सरावाचे शॉट्स छान. पहिली दहा शॉट्सची सीरीजही छान. मी शोभाला अंगठा दाखवला. दुसऱ्या सीरीजपासून शॉट्स इकडेतिकडे जायला लागले. स्क्रीनवर दहाच्या जागी आठ आले, मग परत आठ. श्रुतीने थांबून डब्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एक छर्रा उचलला, रुमालाने पुसला, नखाने कड चाचपली, बाजूला टाकला. दुसरा उचलला, पुसला, चाचपला. उरलेला सगळा वेळ हेच. पुसायचा, बघायचा, मग मारायचा. मारलेले चांगले लागत होते. पण घड्याळ चाललं होतं. शेवटचे शॉट्स राहिले तेव्हा वेळ संपत आली. ते तिने न पुसताच मारले.

दोन पॉइंट्सनी सिलेक्शन गेलं.

बाहेर आली तेव्हा डबा उघडाच होता तिच्या हातात. छर्ऱ्यांवर पांढरं तूप थिजल्यासारखं दिसत होतं. मी एसीचं तापमान किती असावं याबद्दल काहीतरी बोललो. शोभाने माझ्याकडे बघितलं नाही.

अप्पाराव सर आले. त्यांना बघताच श्रुतीने डब्याचं झाकण लावलं आणि तो जॅकेटच्या खिशात घातला. त्यांनी विचारलं, इतना टाइम कायकू लगाई, छर्रे में कुछ था क्या.

श्रुती म्हणाली, "नहीं सर. हाथ काँप रहा था, इसलिए रुक-रुक के मारी. मेरी गलती है."

तिचा हात कापत नव्हता. मी काचेतून पूर्ण वेळ तिचा हातच बघत होतो.

सर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, मी गाडी पुढे घेऊन येतो. पार्किंग बरंच लांब होतं, कोणीतरी जायलाच हवं होतं.