मिरचीचा देठ

५ जानेवारी
जिंतूर सोडून नंदुरबारला पोचलो. मिरचीची पथारी पहिल्यांदाच बघितली. नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. मालक हिंमतराव बोलायला गोड. मिरची उलटायची, पोती भरायची, एवढंच काम. बाया ओळीने बसून देठ खुडतात. सगळ्यांच्या तोंडाला गमछे. माझ्या शिंका थांबेनात तेव्हा सगळ्या हसल्या. दामिनी नावाची एक जास्त हसली. मग शिंकायला बरं वाटलं.

९ जानेवारी
खोलीत माझ्यासोबत नवनीत आहे, इथलाच. दामिनी त्याला नुसतं नवनीत म्हणते, मला दादा. आज त्याच्या डोळ्यात मिरचीचं बी उडालं. तिने त्याची हनुवटी धरली, ओढणीच्या टोकाने बी काढलं, वर फुंकर घातली. दोनदा. मला भाकरी गेली नाही.

१० जानेवारी
कोणी बघत नव्हतं. वाळका देठ घेतला आणि डोळ्याला टोचला. इतकं लागेल वाटलं नव्हतं. दामिनीला हाक मारली, तर तिने मुकादमीण सिंधुबाईला धाडलं. म्हातारी सगळ्यांच्या डोळ्यातला कचरा जिभेने काढते, तंबाखूच्या जिभेने. “डोया उघाड रे, मी काय खाई जासू का तुले?” पथारीभर हशा. नवनीत पोट धरून.

१३ जानेवारी
डोळा लाल. उजेड सुईसारखा टोचतो. हिंमतरावांनी आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब दिले. टाकल्यावर लाली गेली. बरं झालं.

१६ जानेवारी
बरं नाही. बुबुळावर पांढरा ठिपका, साबुदाण्याएवढा. हिंमतरावांनी चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला रंगाची पट्टी लावली, निळा उजेड टाकला, म्हणाल्या जखम हिरवी चमकतेय. मग डोळा बधिर करून ठिपका खरवडला, काचेवर घेतला. कुठला जंतू आहे ते दोन दिवसांत उगवून कळेल म्हणे. काय लागलं, कोणी जीभ लावली का, कुठले थेंब टाकले, सगळं विचारलं. थेंबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यानेच जंतूला मोकळं रान मिळालं. देठाचं सांगितलं नाही. आजच भरती हो म्हणाल्या, नाहीतर डोळा जाईल. आणि तुझा पू लागलेलं फडकं कुणाच्या डोळ्याला लागू देऊ नको.
भरती झालो नाही. इकडे ती दोघं एकटी राहिली असती. नवे थेंब तासातासाला टाकायचेत.

१७ जानेवारी
डोळा मिटला तरी ती दोघं दिसतात. त्याच आजारी डोळ्यात. हनुवटी, फुंकर.
नवनीतचा गमछा दोरीवर होता. त्या गमछ्याने मी माझा डोळा पुसला. एकच कोपरा. होता तसा टाकला.

१८ जानेवारी
नवनीतचे डोळे बघतो. स्वच्छ. उद्या येईल. थेंब टाकायचे राहिले —

१९ जानेवारी
नवनीतच्या गळ्यात गमछा नाही. विचारलं. हसला. म्हणाला परवाच दिला, तिचा फाटला होता —
पथारीवर गेलो. दामिनी. त्याच गमछ्याने तोंड बांधलेलं. मिरची झोंबते, सारखी डोळे चोळते. त्याच गमछ्याने. सांगायला गेलो. अर्ध्यातून परत फिरलो. सांगितलं तर —

२० जानेवारी
दामिनी आपल्या पायाने खोलीत आली. एक डोळा मिटलेला, पाणी गळतंय. दार लाव म्हणते, उजेड सहन होत नाही.
“दादा, मन्हा डोयामा कचरा गया. जरा देख ना.”
हनुवटी माझ्या हातात दिली. पापणी उचलली. फुंकर घालू म्हणून वाकलो, तर बुबुळाच्या मधोमध पांढरा