नातं असणाऱ्यांनी बाहेर बसावं

बुधवार, १२ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, भावोजी आणि पोरं मजेत असाल असं धरून चालते. फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय, म्हणून कागद काढलाय. पत्र निदान फोडून तरी बघशील. अक्षर ओळखून तसंच बाजूला ठेवलंस तर मात्र माझा इलाज नाही.

आई बरी आहे. पायाची सूज उतरली. सकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवते, म्हणजे आता जेवढी ठेवता येतात तेवढी. शेजारच्या काकूंनी कुत्रा पाळलाय. तो आणि आई एकमेकांवर डाफरत असतात. जिन्यातला दिवा गेलेला तो गेलेलाच. माझं वजन वाढलंय. झालं, संपल्या बातम्या.

आमचा प्रस्ताव नामंजूर झाला. हेही तुला कळलं असेलच, आपल्या क्षेत्रात असल्या बातम्यांना पाय फुटतात. अनुदान नाही म्हणजे महिनाअखेरीला गाण्याची खोली बंद. तिथे परीक्षा विभाग कोऱ्या उत्तरपत्रिका ठेवणार आहे, त्यांचा माणूस परवा टेप घेऊन भिंती मोजूनही गेला. मी आत रुग्ण घेऊन बसले होते. "चालू द्या, चालू द्या," म्हणाला आणि आमच्या डोक्यावरून टेप ताणला.

पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेलेली माणसं आहेत गं ती. 'पाणी' म्हणायला गेली तर तोंडातून हवा येते, पण सुरात लावून दिलं की तोच शब्द अख्खा बाहेर पडतो. मग सूर हळूहळू काढून घ्यायचा आणि बोलणं मागे ठेवायचं, एवढंच आमचं काम. रोज केलं तर टिकतं, चार आठवडे सोडलं की शब्द पुन्हा विरतात. निवृत्त शिक्षक आहेत एक, त्यांना नुकतंच बायकोचं नाव घेता यायला लागलंय. खोली गेली की तेही जाणार.

म्हणून मी शोध घ्यायचं ठरवलं की हा प्रस्ताव पाडला कुणी.

पहिला संशय अर्थातच मोठ्या साहेबांवर. या निधीला एका विद्यापीठातून एकच प्रस्ताव जातो, त्यामुळे बाहेरच्या लढाईआधी घरातच मारामारी. साहेबांना त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याचा, कानातल्या यंत्राचा प्रस्ताव पाठवायचा होता. विद्यापीठाच्या समितीने माझा निवडला आणि साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. विभागप्रमुखाची सही लागते, ती त्यांनी शेवटच्या दुपारपर्यंत अडवून धरली. वर "घरी नीट वाचतो" म्हणून एक प्रत घेऊन गेले. कशाला हवी होती प्रत? इतक्या वर्षांत त्यांनी माझी सुट्टीची चिठ्ठीसुद्धा धड वाचलेली नाही! निकाल लागल्यावर त्यांनी मला बोलावून स्वतःच्या कपातला अर्धा चहा दिला. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. हा माणूस उगाच कुणाला चहा देत नाही.

मग कळलं की साहेबांनी प्रत खरंच वाचली होती. समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या होत्या, त्याही बरोबर. मला इतका राग आला म्हणून सांगू. ज्याच्यावर मनापासून संशय घ्यावा तो माणूस असा ऐनवेळी चांगला निघतो.

दुसरा संशय गोडबोल्यावर. तू त्याला ओळखत नाहीस. संख्याशास्त्रातला आहे. दुसऱ्या शाखेतला एक सहसंशोधक हवाच अशी अट होती आणि माझ्या गणिताची बोंब तुला माहीत आहे. "मॅडम, तुम्ही फक्त काम करा, बोलायचं माझ्यावर सोडा," हे त्याचं पालुपद. असं गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी पर्स जवळ ओढते. म्हणून निधीच्या मंडळासमोर मुलाखत झाली तेव्हा मी त्याला आत घेतलंच नाही, बाहेर बसवलं. मग वाटायला लागलं, बाहेर बसून यानेच कुणाच्या कानात काहीतरी सोडलं असणार.

गेल्या आठवड्यात त्याला गाठलं कँटीनमध्ये. सरळ विचारलं, "त्या दिवशी बाहेर कुणाशी काय बोललात?"

बिचारा गांगरला. म्हणाला, "मॅडम, बोलायला कुणी होतं का तिथे? तुमचं चालू असताना बाकड्यावर मी एकटाच. दुसऱ्या लोकांच्या वेळी कुणी ना कुणी सदस्य बाहेर येऊन बसायचे. तुमच्या वेळी चिटपाखरू नाही. मी तर चपला काढून पाय पसरले."

ताई, त्याने हे म्हटलं आणि मी कप खाली ठेवला.

कारण हे मला माहीत होतं. मी आत होते. साप साप म्हणून नुसती भुई धोपटत होते मी इतके दिवस. साहेबांच्या मागे लाग, गोडबोल्याला धर, पण मुलाखतीच्या त्या खोलीचं दार काही उघडायचं नाही. आता उघडते.

ती लांबट खोली, खिडक्यांना करडे पडदे, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं. मी लॅपटॉपची वायर कुठे लावायची ते शोधत वाकले होते. मान वर केली तर टेबलाच्या डाव्या टोकाला तू. आईने दिलेली शाल खांद्यावर, समोर माझा प्रस्ताव. मंडळाची नावं उमेदवारांना आधी कळत नाहीत, पण सदस्यांना उमेदवारांची नावं आठवडाभर आधी कळतात. म्हणजे तुला माहीत होतं मी येणार ते. आठवडाभर!

अध्यक्षांनी नेहमीचं विचारलं. "या उमेदवाराशी कुणाचं नातं, शिकवणं, एकत्र काम, काही आहे का? असेल त्यांनी बाहेर बसावं." त्यासाठीच ते बाकडं ठेवलंय ना दाराशी. माझ्या आधीच्या मुलाच्या वेळी त्याचे गुरुजी निमूटपणे येऊन बसले होते. मी वाट पाहिली तू उठायची. तू चष्मा पुसलास.

आपली आडनावं वेगळी, शहरं वेगळी, तोंडवळाही वेगळा. तू बाबांवर गेलीस, मी आईवर. 'बहिणीच्या वशिल्याने लागली' असं कुणी म्हणू नये म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मीच कुणाला पत्ता लागू दिला नाही. अध्यक्षांनी मलाही विचारलं, "तुमच्याकडून काही?" मी नाही म्हणून मान हलवली.

खोटं कशाला बोलू, तू उठली नाहीस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, ताई आहे आत. या विषयातलं कळणारी ती एकटीच. आता काळजी नाही.

मग मी लॅपटॉपवरून एका रुग्णाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. रुग्णाचं नाव सांगायचं नसतं असा नियम, मी 'एक वृद्ध स्त्री' म्हटलं. दोन वर्षं मुकी असलेली ती वृद्ध स्त्री त्या खोलीत स्पष्ट गायली, "मोठी आली का? मोठी आली का?" अध्यक्ष बोटांनी टेबलावर ठेका धरत होते. कोपऱ्यातल्या बाई पुढे सरकून ऐकत होत्या. त्यांच्या दृष्टीने ते एक साधं वाक्य होतं. मोठी कोण हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं.

तू खाली कागदाकडे बघितलंस आणि विचारलंस, "एवढंच आहे का तुमच्याकडे? पाठांतर आणि बोलणं यातला फरक तुम्ही कसा ठरवता?"

"तुम्ही." मला 'तुम्ही' म्हणालीस तू.

पुढे काय उत्तर दिलं मला आठवत नाही. निधी कार्यालयातल्या बाईंना नंतर फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, बाकी सगळ्यांना आवडलं होतं. पण विषयातल्या तज्ज्ञ म्हणाल्या, घाई आहे. मग कोण काय बोलणार?" बाई भल्या आहेत, माझं सांत्वन करत होत्या. मी काखेत कळसा घेऊन अख्ख्या गावाला वळसा घालत होते, हे त्यांना काय ठाऊक!

आता माझा खरा संशय लिहिते. चुकला तर जोड्याने मार.

आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तू खाटेशी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणालीस, "आता आईची वाचा येणार नाही. उगाच तिला छळू नका." तू एवढी मोठी वाचातज्ज्ञ, तुझा शब्द म्हणजे शिक्कामोर्तब. मामांनी मान हलवली, भावोजींनी हलवली, मीही हलवली. आई ऐकत होती, ताई. तिची वाचा गेली होती, कान नव्हते गेले. त्यानंतर ती चमच्याने ताटावर वाजवून मीठ मागायची आणि आम्ही कुणी तिच्याशी पूर्ण वाक्यसुद्धा बोलायचो नाही.

मग एकदा मी तिचे केस विंचरताना गुणगुणत होते आणि ओळ अर्धी सोडली. ती पुरी केली तिने. मी रडतच तुला फोन लावला. तू म्हणालीस, "ते पाठांतर असतं. तू तुझ्या समाधानासाठी आईचा पोपट करतेयस." त्या दिवसापासून तू घरी आलेली नाहीस. कामं, परिषदा, पोरांच्या परीक्षा, सगळी कारणं मी आईला सांगून झाली.

त्या खोलीत तू पहिल्यांदा तिचा आवाज ऐकलास. प्रस्ताव मंजूर झाला असता तर छापून आलं असतं की असे रुग्ण बोलू शकतात, आणि तू ज्यांना ज्यांना 'येणार नाही' म्हणालीस त्यांत पहिलं नाव आईचं निघालं असतं. बाहेर गेली असतीस तर तो मंजूर झाला असता. म्हणून तू आत बसलीस. असं मला वाटतं.

नसेलही तसं. घरचं माणूस म्हणून सूट नको, असा तुझा बाणा असेल. तू लहानपणीही खेळात मला कधी जिंकू दिलं नाहीस. पण मग बाहेर बसायचं होतंस, आत बसून न्यायाधीश कशाला झालीस? की तो आवाज ऐकायला थांबलीस? हेही मनात येतं. तसं असेल तर सांग गं, मी ऐकेन. रागावून रागावून थकले आहे मी.

दोन दिवस नुसती घरात येरझाऱ्या घालत होते. आपलेच दात आपलेच ओठ, तक्रार कुणाची करू? आणि करू कुठल्या तोंडाने, मान तर मीही हलवली होती. निधी कार्यालयाचा नियम असा की नातं लपवलेलं उघडकीस आलं तर निकाल रद्द, नवं मंडळ पुन्हा वाचणार. पण उमेदवाराला माहीत असूनही तो गप्प राहिला असेल तर त्याचं नाव बाद, पुढची काही वर्षं दारात उभं करणार नाहीत. प्रस्ताव मात्र सहसंशोधकाच्या नावाने चालू शकतो. म्हणजे गोडबोल्याच्या.

त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तो काही गोड बोलला नाही. कप बाजूला सारून म्हणाला, "मॅडम, नाव माझं राहील. खोलीची किल्ली तुमच्याकडेच ठेवा." माणूस चांगला असावा. मी किल्लीची दुसरी प्रत करून ठेवलीय. स्वभावाला औषध नाही.

आज सकाळी निधी कार्यालयात जाऊन आले. त्याच भल्या बाई होत्या. मी म्हटलं, डावीकडच्या टोकाला बसलेल्या तज्ज्ञांनी बाहेर जायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "का? त्या तुमच्या कोण?" इतकी वर्षं या लोकांसमोर मी तुझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. "माझी सख्खी बहीण," म्हटलं आणि तिथेच रडू कोसळलं. बाईंनी पाणी आणून दिलं आणि दार लोटून घेतलं.

माझं नाव गेलं. दोन वर्षांच्या कामावर आता दुसऱ्याचं नाव लागेल. खोली बहुतेक वाचेल. हे तुझ्यावर सूड म्हणून केलं नाही, आणि तुझ्यावर उपकार म्हणूनही नाही. तुझ्या खुर्चीला धक्का लागेल हे मला माहीत होतं, तरी केलं.

या आठवड्यात तुला त्यांचा फोन येईल. तो तरी उचल. त्याच खोलीत बोलावतील आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारतील, या तुमच्या कोण? मी उत्तर देऊन आलेय. तुझं तू दे.

तुझी बहीण,
तू काहीही सांगितलंस तरी,

छोटी