आमचे पावणे

प्रिय सायली,

पावतीशिवाय भाडं भरणाऱ्या आपणा सर्वांचं दुःख एकच: वर्षानुवर्षं राहूनही आपण तिथे राहत होतो, हे आपल्याला सिद्ध करता येत नाही. बघ, पत्रातही भाषण सुरू झालं. शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवताना गेटसभांत लागलेली सवय, दुसरं काय!

तू डिचोलीला नोकरीत रमलीस ना? इथे हरमलला तुमच्या जुन्या खोलीला निळा रंग लागलाय. पर्यटक उतरतात. आमच्या खोलीला मंगळवारी घरमालक गुरुदासबाबांनी कुलूप घातलं. सरस्वतीकाकूचं शिलाई मशीन आतच राहिलं. तुझा शाळेचा युनिफॉर्म तिने त्यावरच शिवला होता. आता ती देवळाच्या मंडपात बसून असते, हात मांडीवर.

मी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आपल्या सह्यांचा जुना कागद वाचला आणि खाली ठेवला. म्हणाल्या, भाडेकरूला असं काढता येत नाही, पण तुम्ही तर पाहुणे.

तो कागद तुला आठवत असेल. दहा वर्षांपूर्वी पोलिसांनी भाडेकरूंची माहिती मागितली, तेव्हा गुरुदासबाब गणेशचवथीच्या गोड नेवऱ्या घेऊन आले होते. "फॉर्म कित्याक? आमचे पावणे म्हूण बरयात!" म्हणे, पाहुणे असं लिहून द्या. त्या एका शब्दाने आपण विरघळलो. मी अंगणात उभा राहून गरजलो, की नातं कागदाहून मोठं असतं. तू शाळेची पोर, मागून विचारलंस, "काका, पावणो कधी भाडां देता?" सगळे हसले. मी मात्र मोठ्यांच्यात बोलू नको म्हणून तुला खाली बसवलं. मग सहा घरांनी सह्या केल्या. पहिली माझी. त्यांतली पाच घरं केव्हाच उठली.

एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या सभा गाजवल्या, पण आता माझ्या बोलण्याला वजन नाही. खोटं मीच लिहून दिलंय. पण आपल्या दोन्ही घरांचं भाडं दर महिन्याला गुरुदासबाबांच्या हातात तूच नेऊन द्यायचीस. साक्षीला दुसरं कुणी उरलं नाही. सोमवारी सकाळी दहाला पेडण्याच्या कोर्टात ये. भाडं कोण देत होतं ते सांग, पाहुणे लिहायला कुणी लावलं तेही सांग. माझी गय करू नकोस. आणि तेव्हाचा तुझा तो प्रश्न, सायली, या वेळी उभी राहून विचार.

तुझाच, कधीही पाहुणा नसलेला,
भिकाजीकाका