बाईंचा फोन

४ जून २०१६, डहाणू
पहिला दिवस छान गेला. मोहन सर स्वतः स्टेशनवर घ्यायला आले. संस्थेचं ऑफिस मसोलीत, चिकूच्या वाडीला लागून. वरची खोली मला दिलीय. पाड्यांवरच्या शेतकऱ्यांना रोज सकाळी फोनवर हवामानाचा निरोप जातो, तो सांभाळायचं काम. आवाज इथल्या जुन्या ऑपरेटर निर्मलाबाईंचा. त्यांनी सुटे शब्द रेकॉर्ड केलेत, प्रोग्राम ते जोडून वाक्य करतो. बाई संगणकाच्या काळ्या खिडकीत एकेक कमांड टाइप करतात. आधी प्रोग्राम कंपाइल, म्हणजे संगणकाला चालवता येईल असा करायचा, मग चालवायचा, मग निरोप स्वतः ऐकायचा आणि मगच सोडायचा. मी सरांना म्हटलं, हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये बसेल, एकदा लिहिली की आपोआप होईल.

१५ जून
बसलं. आता संगणक आपोआप सुरू होतो, हवामान घेतो, प्रोग्राम कंपाइल करून चालवतो आणि निरोप सोडतो. कुणी हात लावायचा नाही. सरांनी पेढे आणले. बाईंनी विचारलं, मग ऐकणार कोण? मी म्हणालो, चुकणारच नाही तर ऐकायचं कशाला?

१ जुलै
बाईंना आजपासून काम नाही. नुसतं ऐकायचं काम तरी राहू द्या, म्हणत होत्या. सर म्हणाले, याला विचारा. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

१९ जुलै
बाई गेल्या. हार्ट अटॅक. आम्ही स्मशानात उभे असताना लोकांचे फोन वाजले. बाईंच्याच आवाजात, आज पाऊस आहे, फवारणी करू नका. त्यांच्या नवऱ्यानं निरोप शेवटपर्यंत ऐकला. आवाज बदलू या, असं मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, लोकांचा विश्वास याच आवाजावर आहे.

२ ऑगस्ट
रानशेतच्या पाड्यावरून रूपी आली होती. तिचा नवरा तुक्या जुन्या विहिरीत उतरला आणि आतच गुदमरून गेला. ती भांडायला आली नव्हती. म्हणाली, बाईंनी त्याला नावानं हाक मारली आणि विहिरीत उतर म्हणाल्या. बाई सांगतात म्हणजे काहीतरी असेलच.
'विहीर' रेकॉर्ड केलेलं आहे. 'तुक्या' नाही. प्रोग्राममध्ये कुणाचंच नाव नाही.

३ ऑगस्ट
काल स्क्रिप्ट पुसली. प्रोग्रामही पुसला. तरी आज सकाळी स्क्रीनवर आलं: कंपाइल झालं, चालू झालं. काय कंपाइल झालं? फोल्डर रिकामं आहे. स्पीकर लावला. बाई बोलत होत्या. हळू, एकेकाचं नाव घेत —
सर म्हणतात, तुक्याच्या मृत्यूची चौकशी होऊ दे, मग बंद करायचं का ते बघू. सिस्टिम चांगली चाललीय.

४ ऑगस्ट
संगणकाची वायरच उपटली. तरी वाडीतल्या गड्याचा फोन वाजला. रानशेतला निघालोय. सांगणार, उचलू नका.

दुपार, रानशेत
सांगितलं सगळ्यांना. कुणी वाद घातला नाही. रूपीनं खाटेवर बसवलं, चहा दिला. निघायला उठलो तर तिनं हात धरला. रागानं नाही.
"बसा, दर्शन सर. बाईंचा सकाळीच फोन आलता. म्हणाल्या, तो येईल, त्याला बसवून ठेवा, मी येते."
अंगणातली माणसं बाजूला होतायत. वाट देतायत — कुणाला, ते दिसत नाही.
रूपी डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, या बाई.
दारात कुणी नाही. माझ्या शेजारी खाट दबली, आणि —