सहाव्या डिशचा वाटा

कोपरी, ठाणे (पूर्व)
१४ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप आवडामावशीस नाथाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोंबिवलीला लेकीकडे करमतंय ना? तब्येत कशी आहे? खोकला, चक्कर, छातीत धडधड असलं काही काल सकाळपासून नवीन सुरू झालेलं नाही ना? (सहज विचारतोय.)

तू विचारलेलंस, वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये मी नक्की करतो काय. तर आम्ही रक्त वाढवतो. (हसू नकोस.) आपल्या हाडांतल्या मगजात काही मूळ पेशी असतात, त्यांचं तांबडं रक्त व्हायचं की पांढरं हे अजून ठरलेलं नसतं. आमच्या मंदाकिनी मॅडम त्या पेशी डिशमध्ये ठेवतात नि वर वाढीच्या औषधाचा थेंब सोडतात. एका औषधाने तांबडे ठिपके उठतात, दुसऱ्याने पांढरे. पेशी त्याच, थेंब वेगळा! असं का होतं हे मी मॅडमना रोज विचारतो, त्या म्हणतात तेच तर शोधतोय. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला डबा खायची आठवण राहत नाही.

पण सहा डिशपैकी पाचांनाच थेंब. सहावी उपाशी ठेवायची, म्हणजे औषधाचा गुण कळतो. आता तूच सांग, होडी किनाऱ्याला लागल्यावर वाटे घालताना नुसत्या बघत उभ्या राहिलेल्यालाही मूठभर कोळंबी देणारी तू, आणि तुझ्या हाताखाली वाढलेला मी. सहावीचं झाकण लावताना मी रोज तिची माफी मागायचो. शेवटी बाटलीच्या तळाशी उरलेला अर्धा थेंब मी तिला दिला.

चौदा दिवसांनी सहावीतही तांबडे ठिपके! मॅडम खुर्चीतून उठल्याच. औषधाशिवाय रक्त वाढलं म्हणून दिल्लीच्या परिषदेसाठी शोधनिबंध लिहायला बसल्या. भर सभेत त्यांची शोभा होणार आणि कारण मी! मंगळवारी सगळं कबूल केलं. मॅडमनी लिहिलेले कागद फाडले आणि म्हणाल्या, "नाथा, नक्की अर्धाच थेंब? मग आपण इतके दिवस जास्त तर देत नव्हतो?" नोकरी राहिली. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालाय.

तुझा,
नाथा

ता. क. : या वेळी सहावीला काही देणार नाही अशी मॅडमनी शपथ घ्यायला लावली. स्वतःची घेत होतो, तर म्हणाल्या, त्याचा भरवसा नाही. म्हणून तुझ्या गळ्याची घेतली.

ता. क. २ : काल सकाळी सहावी फारच केविलवाणी दिसत होती. पावच थेंब दिला. झाकणावर 'पाव थेंब' अशी चिठ्ठी लावलीय, सोमवारी मॅडमना सांगतोच. तू मात्र पत्र मिळताच, हातातलं काम टाकून, 'सुटली' असं तीनदा मोठ्याने म्हण.